दात, पाय आणि लेंड्या: नाशिकच्या आसपासचे सस्तन प्राणी ओळखायचे कसे

जगात सस्तन प्राण्यांच्या साधारण ६,५०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या ४० टक्क्यांच्या आसपास उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आहेत आणि २० टक्क्यांच्या आसपास वटवाघळांच्या. म्हणजे दहातल्या सहा जाती रात्री हिंडणाऱ्या नाहीतर मुठीत मावणाऱ्या. नाशिकमध्ये मात्र विषय निघाला की गाडी थेट बिबट्यावर जाते. बिबट्या बघायला मिळणं नशिबाचा भाग, आणि तो समोर आला तर अभ्यास करायला कोणी थांबत नाही. त्यामुळे सुरुवात करायची ती पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून, मटणाच्या दुकानातून आणि गोदाकाठच्या ओल्या चिखलातून. रंग आणि आकार फसवतात. दात आणि पाय सहसा फसवत नाहीत, म्हणून इथे सगळा भर त्यांच्यावर आहे.

सस्तन कोणाला म्हणायचं

पिल्लाला दूध पाजणं आणि अंगावर केस असणं, या दोन खुणा शाळेपासून माहीत असतात. केस नेहमी केसांसारखे दिसतील असं नाही. साळिंदराचे काटे हे जाड झालेले केसच. खवले मांजराची खवलं आपल्या नखांच्याच द्रव्याची, केराटिनची, आणि त्यांच्या फटींतून विरळ केस डोकावतात. डॉल्फिनच्या पिल्लाला जन्मताना तुंडावर चार केस असतात, पुढे तेही गळतात.

रानात नुसती कवटी सापडली तर ना दूध दिसतं ना केस. तिथे तीन गोष्टी बघायच्या. खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची आहे का? सरड्याच्या जबड्यात अनेक हाडं जोडलेली असतात. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं कालांतराने कानात गेली, म्हणून आपल्या कानात तीन इवली हाडं आहेत. दुसरं, कवटीच्या मागच्या भोकाशी, जिथे मान जोडलेली असते तिथे, दोन गोल उंचवटे आहेत का? पक्षी आणि सरपटणाऱ्यांना एकच असतो. (बेडकालाही दोन असतात, पण त्याची चपटी कवटी कोणी सशाची समजणार नाही.) तिसरं, सगळे दात एकाच घडणीचे आहेत की पुढे कापणारे, मग सुळा, मागे दळणारे अशी वाटणी आहे?

अंडी घालणारे सस्तन प्राणी आज पाचच जातींचे उरलेत, प्लॅटिपस आणि एकिड्नाच्या चार जाती, तेही ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत. पोटाला पिशवी असणारे ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आणि अमेरिका खंडांत. भारतात रानात या दोन्ही गटांतलं कोणी नाही. आपल्याकडचे सगळे वारेवाले, म्हणजे पिल्लू आईच्या पोटात वारेवर (प्लॅसेंटावर) पोसलं जाणारे. त्यामुळे इथे गट पाडायचे ते दात आणि पाय बघूनच.

मटणवाल्याकडून जबडा आणा

दात शिकायला बोकडाच्या मुंडीइतकं स्वस्त साधन नाही. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: वरचा आणि खालचा जबडा न फोडता हवा. नाहीतर मुंडी कुऱ्हाडीने मधोमध फोडून मिळते आणि नेमका वरचा भाग वाया जातो.

स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. जुन्या पातेल्यात जबडा बुडेल इतकं पाणी घेऊन मंद आचेवर एक ते दीड तास ठेवा. खळखळून उकळलं तर चरबी हाडात मुरते, पुढे हाड पिवळं आणि तेलकट राहतं, शिवाय दातांना चिरा जातात. मांस बोथट सुरीने आणि जुन्या टूथब्रशने काढा. पुढचे दात सुटतील, ते हरवू देऊ नका, पाणी गाळूनच ओता. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कपड्यांची पावडर टाकून दोन दिवस भिजवा, पाणी एकदा बदला. शेवटी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस ठेवा आणि सावलीत वाळवा. ब्लीचिंग पावडर नको, त्याने हाड भुसभुशीत होतं. सुटलेले दात फेविकॉलने जागच्या जागी बसवा.

आता बघा. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही, नुसती टणक हिरडी. खाली पुढे आठ दात. त्यांतले कडेचे दोन खरं तर सुळे आहेत, पण त्यांनी पटाशीच्या दातांचं रूप घेतलंय. मग मोठी मोकळी जागा, जिथे जिभेने चारा मागे सरकवला जातो. आणि मग दाढा. त्यांच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या कडा उभ्या असतात. बोटाने चाचपलं तर कानशीसारखं लागतं. अशी दाढ दिसली की रवंथ करणारा प्राणी: गाय, म्हैस, शेळी, काळवीट, चितळ, भेकर.

पूर्ण वाढलेल्या शेळीचे दात ३२. मोजदाद कमी भरली तर गोंधळू नका. मटणाचा बोकड बहुधा कोवळा असतो, त्याचे दुधाचे दात पडलेले नसतात आणि मागच्या दाढा फुटलेल्या नसतात. आठवडे बाजारात 'दोन दाती', 'चार दाती' म्हणून जनावराचं वय सांगतात ते याच पुढच्या दातांवरून.

हा एक जबडा हातात आला की बाकीचे समजायला वेळ लागत नाही. कुत्र्याला ४२ दात, कोल्हा-लांडग्यालाही तेवढेच. मांजर आणि बिबट्याला ३०. मांजरकुळाचं तोंड आखूड आणि दळायच्या दाढा जवळजवळ नाहीतच. डुकराला ४४, कारण ते सगळंच खातं. आपल्याला आणि माकडाला ३२. उंदराला १६. खवले मांजराला शून्य, मुंग्या-वाळवी जिभेवर चिकटवून गिळायची तर दात हवेत कशाला. मांसाहारी प्राण्यात वरची एक आणि खालची एक दाढ कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींवर घासते. गल्लीतलं कुत्रं हाड खाताना बघा, ते हाड पुढच्या दातांत न धरता तोंडाच्या कोपऱ्यात घेतं. ती कात्री तिथे असते.

घुबडाच्या गोळ्या

गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडांची काळपट गोळी तोंडावाटे टाकतं. लांबी साधारण ३ ते ६ सेंटिमीटर. जुने वाडे, देवळांची शिखरं, धान्याची गोदामं, बंद पडलेले कारखाने, जिथे भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात तिथे खाली जमिनीवर शोधा. वर घरट्यात पिल्लं असतील तर गोळ्या उचलून लगेच निघा, टॉर्च वर मारू नका. परिसरात कोणते छोटे सस्तन प्राणी राहतात हे पिंजरे न लावता कळायचा याच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही, आणि या विषयातला हा भाग सगळ्यात रंगतदारही आहे.

हातमोजे आणि मास्क घाला. गोळी कोरडी फोडली तर केसांची धूळ नाकात जाते, म्हणून कोमट पाण्यात थोडं डेटॉल टाकून तासभर भिजवा. पांढऱ्या ताटलीत दोन सुया आणि चिमटा घेऊन केस बाजूला करा. आधी कवट्या वेगळ्या काढा, मग खालचे जबडे. जबड्यांची डावी आणि उजवी बाजू वेगळी लावा. चार डाव्या आणि तीन उजव्या निघाल्या तर निदान चार प्राणी. कवट्या आणि जबडे यांची बेरीज करू नका, एकच उंदीर दोनदा मोजला जातो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

ओळखायचा क्रम असा. पुढच्या दातांमागे मोठी मोकळी जागा आहे आणि पुढचे दात नारिंगी-पिवळे आहेत? मग कुरतडणारा प्राणी. रंग दातांच्या पुढच्याच बाजूला असतो, कारण टणक मुलामा तिथेच आहे. मागची मऊ बाजू झिजत राहते आणि दाताला आपोआप धार येते. मोकळी जागा नाही, अणकुचीदार पांढऱ्या दातांची सलग रांग आहे, पुढचा वरचा दात आकड्यासारखा वाकलाय? मग चिचुंद्री. सुळे ठळक आहेत आणि कवटी कागदासारखी पातळ? मग वटवाघूळ.

कुरतडणाऱ्यांतही पुढे जाता येतं. वरचा पुढचा दात बाजूने धरा. टोकाशी आतल्या अंगाला पायरीसारखी खाच असेल तर घरातला छोटा उंदीर. त्याची कवटी जेमतेम २ सेंटिमीटर. वरच्या पुढच्या दातावर उभी खोल रेघ कोरलेली असेल तर शेताच्या बांधावरचा, शेपटीच्या टोकाला झुपका असणारा हरणउंदीर. रेघ पुसट वाटली तर दात तिरक्या उजेडात धरा किंवा नखाने आडवा खरवडून बघा, नख अडकतं. खाच नाही, रेघ नाही आणि कवटी ४ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर काळा उंदीर नाहीतर घूस. या दोघांचा निवाडा दाढांवरून होतो आणि त्याला भिंग आणि सराव दोन्ही लागतात. तिथे 'मोठा उंदीर' एवढं लिहून थांबणं बरं.

माळ्यावर आणि मोरीपाशी

चिचुंद्रीला उंदीर समजून औषध घालणारी घरं असंख्य आहेत. ती उंदरांच्या गटातली नाहीच. लांब सोंडेसारखं नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, बुंध्याशी जाड आणि मधूनमधून लांब केस असलेली शेपटी, भिंतीच्या कडेने पळताना बारीक चिरका आवाज आणि मागे राहणारा उग्र वास. झुरळं, किडे, गांडुळं हा तिचा आहार, म्हणून तिची लेंडी ओलसर असते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. पिल्लं बाहेर काढताना प्रत्येक पिल्लू पुढच्याच्या बुडाशी तोंडाने धरतं आणि आईच्या मागे साखळी लागते. दिसली तर आडवं जाऊ नका, साखळी तुटली की शेवटची पिल्लं चुकतात. हिचीच एक चुलत बहीण, एट्रुस्कन चिचुंद्री, जेमतेम २ ग्रॅम भरते आणि वजनाने जगातल्या सगळ्यात लहान सस्तन प्राण्यांत गणली जाते. दुसऱ्या टोकाला तीस मीटरच्या आसपास जाणारा निळा देवमासा. एकाच वर्गातले.

घरउंदराची लेंडी तांदळाच्या कणीएवढी, काळ्या उंदराची सेंटिमीटरभर आणि किंचित वाकडी. काळ्या उंदराची शेपटी डोकं आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा मोठी असते, तो केबलवरूनही तोल सांभाळून चालतो. घुशीची शेपटी धडापेक्षा आखूड, तोंड बोथट, आणि बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग. मेलेला प्राणी मोजायचा तर पाठीवर सरळ झोपवून चार मापं घ्यावीत: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, नुसती शेपटी, मागचा पाय टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत (नख सोडून) आणि कान. नख धरलं की माप दुसऱ्या कोणाच्या मापाशी जुळत नाही.

खारींच्या पाठीवरचे पट्टे मोजा. तीन पट्टे असले तर एक जात, तीनच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक फिकट पट्टा असला तर दुसरी. कडेचे फिकट पट्टे वरून दिसत नाहीत, खार झाडाच्या खोडाला बिलगून आडवी झाली की दिसतात. तेव्हा फोटो कुशीचा घ्या.

वटवाघळं आणि द्राक्षबागा

झाडावर उलटी टांगलेली मोठी वटवाघळं आणि दिव्याभोवती गिरक्या घेणाऱ्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, यांच्या जगण्यात फार फरक आहे. मोठं वटवाघूळ पंख पसरून मीटरच्या पुढे भरतं, डोळ्यांनी बघतं, फळं खातं आणि मधासाठी फुलांवर जातं. पाकोळ्या किडे खातात आणि आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात. आपला कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, त्यांचे आवाज बहुतेक त्याच्या वरचे. मोबाइलचा माइकही बहुधा तिथवर पोचत नाही, त्यामुळे वटवाघळं ओळखून देणारं कोणतंही अॅप नुसत्या मोबाइलवर भरवशाचं नाही. मधला एक गट लेण्यांत, विहिरींत राहणाऱ्या फळखाऊंचा. तो अंधारात जिभेने टकटक करून वाट काढतो आणि तो आवाज आपल्यालाही ऐकू येतो.

वटवाघळं मोजायची असतील तर त्यांच्या जागेत आत शिरू नका. सूर्यास्ताआधी पंधरा मिनिटं पश्चिमेकडे तोंड करून, बाहेर पडायची जागा उजळ आकाशावर दिसेल असे बसा. दर मिनिटाला वेगळा आकडा लिहा, एकदम बेरीज करू नका. परत आत जाणारी वजा करा. लेण्यात टॉर्च मारून थवा उठवला तर मोजणी होत नाहीच, वर पोटाला पिल्लू धरलेल्या माद्यांची पिल्लं खाली पडतात. बहुतेक जातींना वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे ती भरपाई लवकर होत नाही.

झाडाखाली चघळून थुंकलेल्या चोथ्याच्या चपट्या वड्या दिसल्या तर फळखाऊ वटवाघूळ रात्री तिथे जेवून गेलंय. ते रस गिळतं आणि धागे टाकून देतं. खारीने खाल्लेल्या पेरूवर जोडदातांचे समांतर ओरखडे असतात, पोपटाने खाल्लेल्यावर चोचीचे तुटक खड्डे. दोष कुणाला द्यायचा ते या खुणा बघून ठरवा.

द्राक्षं पिकत आली, साधारण जानेवारी ते मार्च, की बागायतदारांचा आणि वटवाघळांचा झगडा सुरू होतो. स्वस्त, बारीक धाग्याची नायलॉन जाळी सैल टाकली तर वटवाघळं आणि पक्षी त्यात गुंतून मरतात आणि फळ तरीही वाचत नाही, कारण ते लोंबत्या जाळीवर बसून जाळीतूनच घड कुरतडतात. जाळी जाड धाग्याची, पांढरी, घडांपासून हातभर अंतरावर आणि ताठ ओढलेली असावी. सकाळी एक फेरी मारायचीच. अडकलेलं वटवाघूळ उघड्या हाताने सोडवू नका, जाड कातडी मोजे आणि टॉवेल घ्या. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लस हा नंतर बघू म्हणण्याचा विषय नाही. कुत्रा, मांजर, मुंगूस, माकड, कोल्हा यांच्या चाव्यालाही हेच लागू.

चिखलातले पाय

गाय कशावर चालते? आपल्या हाताच्या हिशोबाने तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या नखांवर. घोडा आणि गाढव फक्त तिसऱ्या बोटाच्या नखावर. दुभंगलेला खूर दिसला की शेळी, गाय, डुक्कर, काळवीट यांचा गट. रानडुकराच्या ठशात मुख्य दोन खुरांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन छोटे ठिपके उमटतात, ती त्याची वर राहिलेली दोन बोटं. कडक जमिनीवर ते उमटत नाहीत आणि मग ठसा पाळीव शेळीचा वाटतो.

ठशांसाठी उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दवाने माती बसलेली असते आणि सकाळचा तिरका उजेड ठशात सावली पाडतो. पावसाळ्यात ठसे पसरतात, उन्हाळ्यात धूळ उडते, तेव्हा फक्त पाणवठ्याची कड कामाची. गोदावरी, दारणा, कादवा यांचे काठ, नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूची गाळपेर, उसाच्या दोन फडांमधली पायवाट, ही सगळी चांगली ठिकाणं. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. तिथे पाऊलवाट सोडून गाळात उतरू नका.

स्वतःच्या शेतात ठसे मिळवायचे तर पट्टी तयार करा. पायवाटेवर मीटरभर लांब आणि वाटेइतकी रुंद जागा झाडून घ्या, त्यावर चाळणीने बारीक माती सेंटिमीटरभर जाडीने पसरा, हलकं पाणी शिंपडा आणि लाकडी फळीने सपाट करा. स्वतःचं बोट दाबून बघा. बोटावरच्या रेषा उमटल्या तर माती बरोबर आहे. हे काम सूर्यास्ताच्या सुमारास करा आणि तपासणी उजाडताच. गुरं सुटली की संपलं.

फोटो बरोबर वरून, कॅमेरा जमिनीला समांतर धरून घ्या, शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, घरी बसून माप काढता येतं. नाणं ठशाच्या आत किंवा कडेवर ठेवू नका. तिरका फोटो घेतला की गोल ठसा लांबट दिसतो आणि मांजर बघता बघता कुत्रं होतं.

कुत्रं की मांजर, हाच प्रश्न नाशिकमध्ये सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण त्यावर गावची झोप अवलंबून असते. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, ठसा लांबट असतो आणि चार बोटं व मागची गादी यांच्या मधून फुलीची रेघ ओढता येते. मांजरकुळात नखं आत ओढलेली असतात, ठसा गोलसर, एक बोट जरा पुढे, आणि मागच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद. फक्त आकार बघून निकाल देऊ नका, मोठं कुत्रंही तेवढंच भरतं. नखं दिसली नाहीत एवढ्यावरही थांबू नका, कोरड्या मातीत कुत्र्याचीही नखं उमटत नाहीत. गादीच्या मागचे तीन फुगवटे हाच भरवशाचा पुरावा. चिखलात घसरल्यावर बिबट्या क्वचित नखं काढतो, तेव्हाही फुगवटे तसेच राहतात. तरसाच्या ठशात बोथट नखं दिसतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो, तेव्हा एका ठशावर न जाता पाच-सहा ठसे मागोवा घेत बघा. मुंगूस आणि उदमांजराला पाच बोटं. सशाच्या उडीत मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, म्हणून तो कुठल्या दिशेला गेला हे नवखा हटकून उलटं सांगतो.

साचा घ्यायचा असेल तर पुठ्ठ्याची ५ सेंटिमीटर उंचीची पट्टी ठशाभोवती रोवा. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग आणि पाणी एक भाग. पाण्यात प्लास्टर टाकायचं, उलट केलं की गुठळ्या होतात. हळू ढवळा, जोरात ढवळलं की बुडबुडे ठशाच्या रेषांवर येऊन बसतात. थेट ठशात ओतू नका, कडेला ओता आणि वाहत जाऊ द्या. जाडी दोन-अडीच सेंटिमीटर. माती भुसभुशीत असेल तर आधी चाळणीने कोरडं प्लास्टर अलगद भुरभुरा. अर्ध्या तासाने हाताला गरम लागून पुन्हा गार झालं की उचला, माती त्याच दिवशी धुऊ नका, दुसऱ्या दिवशी धुवा. दवाच्या थंड सकाळी वेळ जास्त लागतो, घाई केली की बोटंच तुटतात.

विष्ठा बघायची, हाताळायची नाही. उघड्या हाताने फोडली तर पोटातल्या जंतांची अंडी आपल्यापर्यंत येऊ शकतात. सशाच्या लेंड्या गोल, चपट्या, आत गवताचा भुसा. उदमांजराची विष्ठा खडकावर किंवा भिंतीवर, चिकू-जांभूळ-शिंदीच्या बियांनी भरलेली, बिया अख्ख्या. तरसाची वाळल्यावर खडूसारखी पांढरी, कारण पोटात गेलेलं हाड. बिबट्याची केसांनी भरलेली, पिळदार तुकड्यांत. त्यातल्या केसाची घडण बघायची तर केस साबणाने आणि स्पिरिटने धुवा, काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, दोन-तीन मिनिटांनी थर चिकट असताना केस ठेवा, अर्ध्या तासाने उपटून काढा. मागे राहिलेला ठसा सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून बघा. केसावरची खवलं जातीजातीत वेगळी दिसतात. पॉलिश ओलं असताना केस ठेवला तर तो आतच बुडतो आणि काहीच मिळत नाही.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे हे घडतच असतं. दरवेळी ती बिबट्याचीच असतात असं नाही. रानमांजराची पिल्लं मातकट, अंगावर पुसट आडवे पट्टे. वाघाटीची पिल्लं फारच लहान, अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर उभ्या फिकट रेघा. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान जंगली मांजरांतली एक, मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास. बिबट्याची पिल्लं जाड पायांची, लोकरीसारखे केस, ठिपके दाट आणि गिचमीड.

कोणतीही असोत, तोड तिथे थांबवा, माणसं मागे घ्या, १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा. पिल्लांना दूध पाजू नका, गाईच्या दुधाने त्यांची पोटं बिघडतात. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही, पण गर्दीतून हातोहात फिरताना पिल्लं दगावतात. वनखात्याचे लोक पिल्लं संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बहुतेक वेळा आई रात्रीतून येऊन घेऊन जाते. ती यायला हवी तर फडाच्या कडेला बॅटऱ्या घेऊन उभं राहायचं नाही, एवढंच पथ्य.

थोडं माकडांचं आणि काळविटांचं

काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. लाल तोंडाचं ते माकड. माकडाच्या दोन जाती आहेत: एकीची शेपटी धडापेक्षा लांब आणि डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखी केसांची टोपी, दुसरीची शेपटी धडाच्या निम्मी आणि बूड लालसर. पहिली दक्षिणेकडची, दुसरी उत्तरेकडची, आणि पश्चिम भारतात त्यांची जुनी सीमा तापीच्या आसपास मानली जाते. नाशिक त्या सीमेच्या जवळच असल्यामुळे शेपटी न बघता नाव लिहू नका. वणी किंवा त्र्यंबकच्या वाटेवर खायला देऊन फोटो काढणारे दिसतात. तसं करू नका, पुढचा भक्त चावा खातो.

काळवीट बघायला येवला तालुक्यातलं ममदापूर. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा, मादी पिवळट आणि बिनशिंगी. ही शिंगं कायमची असतात, आत हाड आणि वर केराटिनची खोळ. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं निव्वळ हाडाची, गळून पुन्हा उगवणारी. गळालेलं शिंग असो, साळिंदराचा काटा असो, खवल्या मांजराचं खवल असो, उचलून घरी आणायचं नाही. वन्यजीव कायद्यात तो गुन्हा ठरू शकतो. कळपापासून शंभर-दीडशे मीटर लांब थांबा, गाडीतून उतरू नका. सगळ्यांनी माना वर केल्या की तुम्ही जास्त जवळ गेलात.

कॅमेरा आणि वही

वनजमिनीवर कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायला वनखात्याची परवानगी लागते. स्वतःच्या शेतात लावताना तो जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटरवर, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून लावा. पूर्व-पश्चिम ठेवला तर उगवता-मावळता सूर्य कॅमेऱ्याला चाळवतो आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. समोरचं हलणारं गवत कापा. मुंगूस-उंदरांसाठी उंची वीतभर पुरे. बिबट्या आला तर फोटो गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी वनरक्षकाला दाखवा, नाहीतर सकाळी बांधावर शंभर माणसं उभी राहतात.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, जमीन कशी होती (चिखल, धूळ, वाळू), मापं आणि खात्री, एवढं लिहा. खात्रीसाठी तीनच पायऱ्या ठेवा: प्राणी स्वतः पाहिला, खूण नक्की आहे, खूण संशयित आहे. संशयित नोंद खोडू नका. त्याच वाटेवर महिन्याभराने नीट ठसा मिळाला की जुनीही उलगडते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवताना खवले मांजर, वाघाटी, पाणमांजर यांची नेमकी जागा झाकून ठेवा. शिकारीही नकाशा वाचतात.